मांडीचं हाड, घट्ट पट्टी आणि तो मेसेज

‘लहान मुलाचं हाड आपोआप जुळतं. मांडीत सळ्या घालणं हा डॉक्टरांचा धंदा. प्लास्टरनं पाय आखूड राहतो. हाडवैद्याकडून घट्ट पट्टी बांधून घ्या, रोज तेल चोळा.’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर सारखा फिरत असतो. यावर विसंबून एखाद्या पोराचा पाय जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

हाड आपोआप जुळतं हे खरंच आहे. तान्ह्या बाळाची मांडी ३-४ आठवड्यांत जुळून येते. पण जुळतं कसं? मांडीचे दणकट स्नायू मोडलेली टोकं एकमेकांवर ओढून घेतात. थोडा बाक वाढीच्या वयात बराचसा निघून जातो. हाड पिळलेलं जुळलं, तर तो पीळ सहसा जात नाही.

आता सळ्या. पाच वर्षांखालच्या बहुतेक मुलांना त्या लागतच नाहीत. सहा महिन्यांखालच्या बाळाला पट्ट्यांचा हार्नेस पुरतो. त्यापुढे साधारण पाच वर्षांपर्यंत कमरेपासून पायापर्यंतचं प्लास्टर, म्हणजे स्पायका. पाच ते अकराच्या दरम्यान मात्र लवचिक सळ्या बहुधा सोयीच्या ठरतात. १९८० च्या सुमारास फ्रान्समधल्या नॅन्सी शहरात ही पद्धत रुजली. गुडघ्याच्या वर छोटा छेद घेऊन, हाडाची वाढ होते तो भाग टाळून त्या सरकवतात आणि हाड पक्कं झालं की बहुधा काढून टाकतात. मूल लवकर उभं राहतं, शाळेत जातं. वजन ५० किलोच्या आसपास असेल तर या सळ्या कमी पडतात, मग प्लेट किंवा जाड रॉड. वय आणि वजन पाहून ठरणाऱ्या गोष्टीला सरसकट धंदा म्हणणं अन्यायाचं आहे.

पाय आखूड राहण्याची भीती तर बऱ्याचदा उलटी असते. मोडलेल्या हाडाचा रक्तपुरवठा वाढतो आणि २ ते १० वर्षांच्या मुलांत ते सरासरी सेंटिमीटरभर जास्तच वाढतं. म्हणून प्लास्टर करताना टोकं थोडी एकमेकांवर चढलेली चालतात. एक्स-रे बघून पालक घाबरतात, तेव्हा हे त्यांना कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं.

घट्ट पट्टी हा सगळ्यांत घातक सल्ला. मोडल्यावर पाय सुजतो. पट्टी सैल होत नाही, आतला दाब वाढतो, रक्त अडतं आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. जर्मन शल्यचिकित्सक फोल्कमान यांनी १८८१ मध्येच हे नोंदवलंय. मूल रडतं, घरचे म्हणतात, ‘पट्टी बसतेय, दुखणारच.’ तीच वेळ धोक्याची असते. वेदना वाढतच असेल, आपण हलकेच बोटं ताठ केली तरी मूल किंचाळत असेल, तर पट्टी तिथल्या तिथे सोडा आणि हॉस्पिटल गाठा. बोटं गार, पांढरी पडेपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो. प्लास्टर डॉक्टरांनी घातलं असलं तरी हेच लागू.

तेल चोळल्यानं मोडलेली टोकं हलतात आणि आतल्या मांसाला इजा होते.

हाडवैद्यांचा हा अपमान नव्हे. मांडीसाठी आजही वापरला जाणारा थॉमस स्प्लिंट, म्हणजे मोडलेला पाय स्थिर धरणारी चौकट, ज्यांनी बनवला, ते ह्यू ओवेन थॉमस वेल्समधल्या हाडवैद्यांच्याच घराण्यातले. पण ते रीतसर डॉक्टर झाले. हाडातल्या एखाद्या गाठीमुळे ते ठिसूळ होऊन मोडलं का, हे एक्स-रेशिवाय नुसत्या हाताला कळत नाही. अजून चालायला न लागलेल्या बाळाची मांडी मोडली असेल तर कारण शोधावंच लागतं.

मूल पडलं आणि मांडी वाकडी दिसली, तर ओढू नका. दोन्ही पायांमध्ये घडी केलेली चादर ठेवून पाय एकमेकांना सैलसर बांधा, काही खायला-प्यायला देऊ नका आणि १०८ ला फोन करा.