वर्डप्रेसच्या ‘वीस अत्यावश्यक प्लगइन’च्या यादीला उत्तर

सांगली-साताऱ्यातल्या व्यापाऱ्यांच्या आणि साइट करून देणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक यादी फिरते आहे. सांगणं असं की वर्डप्रेसवर (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर) साइट उभी केली की पहिल्याच दिवशी ही वीस प्लगइन, म्हणजे जादा सोयी देणारे जोड-प्रोग्राम, टाका, नाहीतर साइट हॅक होईल, मंद पडेल आणि गूगलला दिसणार नाही. आता सांगलीतल्या हळदीच्या पेढीची सहा पानांची साइट, तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याची रोज दर बदलणारी साइट आणि महाबळेश्वरच्या होमस्टेची बुकिंग घेणारी साइट, या तिन्हींना एकच यादी कशी चालेल? प्लगइन म्हणजे तुमच्या डेटाबेसपर्यंत हात पोचणारा दुसऱ्याचा कोड. तो कामापुरताच घ्यावा. यादीतले मुख्य दावे एकेक करून पाहू.

‘लेझी लोड, साइटमॅप, एसएसएल, फोटो लहान करणं: प्रत्येकाला वेगळं प्लगइन हवं’

एके काळी हवं होतं. लेझी लोड (पान सरकेल तसे फोटो उघडणं) आणि साइटमॅप (गूगलसाठी पानांची यादी) या दोन्ही गोष्टी ऑगस्ट २०२० मध्ये आलेल्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहेत. होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) एसएसएल सर्टिफिकेट चालू असेल तर एचटीटीपीएसवर, म्हणजे सुरक्षित पत्त्यावर, जायची सोय ५.७ पासून ‘साइट हेल्थ’मध्ये मिळते. २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत ५.३ पासून आपोआप तयार होते. मात्र मूळ फोटोही सर्व्हरवर तसाच राहतो आणि डिस्क भरते ती त्यामुळे. फोटो चढवण्याआधीच १६०० पिक्सेलचा करून घेतला की प्लगइनचा प्रश्नच मिटला.

एसईओचं (गूगलच्या शोधात साइट नीट दिसावी यासाठीचं) एखादं प्लगइन ठेवायला हरकत नाही, कारण प्रत्येक पानाचं वेगळं वर्णन लिहायची सोय मुळात नसते. दोन ठेवली तर एकाच पानावर दोन-दोन वर्णनं उमटतात.

‘मराठी साइटला मराठी लिंकचं प्लगइन लागतं’

भाषेसाठी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’मध्ये मराठी निवडली की झालं. लिंकची अडचण मात्र खरी आहे, आणि तिचं कारण यादी करणाऱ्याला ठाऊक नसावं. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही वेगळी धरून, लिंकमध्ये नऊ अक्षरांची जागा खातं. शीर्षकावरून बनणाऱ्या लिंकच्या भागाला ‘स्लग’ म्हणतात, आणि वर्डप्रेस त्याला २०० अक्षरांचीच जागा देतं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘सांगलीची राजापुरी हळद घाऊक दर’ असं शीर्षक दिलंत तर लिंक ‘घा’वर तुटते, ‘ऊक दर’ गायब. शिवाय ही लिंक कुठे चिकटवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक रांग दिसते. उपाय फुकट आहे: प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या ‘स्लग’च्या चौकटीत तीन-चार रोमन शब्द स्वतः टाइप करा. नंतर बदललात तर लेखांच्या (‘पोस्ट’च्या) जुन्या लिंका वर्डप्रेस स्वतः नव्याकडे वळवतं. पानांसाठी (‘पेज’साठी) ही सोय नाही, म्हणून पानांचा स्लग पहिल्यांदाच नीट ठरवा.

‘सुरक्षेची दोन प्लगइन टाका, एकातून सुटलं तर दुसऱ्यात सापडेल’

यादीतला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. दोन्ही प्लगइन फायली स्कॅन करत बसतात आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगची मर्यादा संपून ‘५०८’ची एरर येते. बरं, सुरक्षेचं प्लगइन झालं तरी तोही कोडच. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘रिअली सिंपल सिक्युरिटी’त अशी चूक सापडली की टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डसोबत दुसरी खातरजमा) चालू असलेल्या साइटवर पासवर्डशिवाय ॲडमिन म्हणून शिरता येत होतं. ते प्लगइन तेव्हा ४० लाखांहून जास्त साइटवर होतं.

एकच ठेवा. ‘वर्डफेन्स’ घेतलंत तर दोन गोष्टी माहीत असू द्या. फुकट आवृत्तीला फायरवॉलचे (हल्ले अडवणाऱ्या भागाचे) नवे नियम ३० दिवस उशिरा मिळतात. आणि त्याची फायरवॉल पूर्ण चालू केली की काही सर्व्हरांवर ‘डॉट यूजर डॉट आयएनआय’ या फाइलमध्ये एक पाथ (सर्व्हरवरच्या फाइलचा पत्ता) लिहिला जातो. होस्टिंग बदलताना तो जुना पाथ तसाच राहिला तर साइट उघडतच नाही. ती ओळ काढल्यावरही पाचेक मिनिटं थांबावं लागतं, कारण पीएचपी (वर्डप्रेस ज्यावर चालतं ती प्रणाली) ही फाइल साधारण ३०० सेकंदांनी पुन्हा वाचतं. या पाच मिनिटांत घाबरून आणखी चार फायली उडवणारे असतात.

‘लाइटस्पीड कॅश टाका, साइट पळेल’

पळेल, पण होस्टिंगच्या सर्व्हरवर लाइटस्पीड हे सॉफ्टवेअर असेल तरच. अपाची किंवा एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर त्याचा पेज कॅश (पानाची आधीच तयार ठेवलेली प्रत देणं) नुसता चालत नाही, त्याच कंपनीची सीडीएन (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून पान देणारी सेवा) जोडावी लागते. तपासायला मिनिट लागतं: क्रोममध्ये एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’मध्ये जाऊन पान रिफ्रेश करा, पहिली ओळ उघडा आणि हेडरमध्ये ‘एक्स-लाइटस्पीड-कॅश’समोर ‘हिट’ आहे का पाहा. सोबत दुसरं कॅश प्लगइन मुळीच नको.

रोज दर बदलणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. या प्लगइनची तयार प्रत ठेवायची मूळ मुदत ६,०४,८०० सेकंद, म्हणजे अख्खे सात दिवस. वर्डप्रेसमधून पान बदललंत तर जुनी प्रत आपोआप पुसली जाते. पण दर गूगल शीटवरून सर्व्हरमार्फत पानात येत असतील तर वर्डप्रेसला बदल कळतच नाही, आणि गिऱ्हाईक आठवड्यापूर्वीचा बेदाण्याचा दर दाखवून हुज्जत घालतं. दराचं पान कॅशमधून वगळा.

‘बॅकअप प्लगइन टाकलं की निश्चिंत’

‘अपड्राफ्टप्लस’ नुसतं टाकलं तर वेळापत्रक ‘मॅन्युअल’वर असतं, म्हणजे काहीच होत नाही. झालं तरी प्रत त्याच सर्व्हरवरच्या ‘अपड्राफ्ट’ फोल्डरमध्ये जाते. सर्व्हर गेला की तीही गेली. गूगल ड्राइव्ह जोडा; डेटाबेस रोज, फायली आठवड्याला एवढं छोट्या साइटला पुरतं.

तरीही बॅकअप चुकतो, कारण ठरल्या वेळी कामं करणारं वर्डप्रेसचं घड्याळ (‘क्रॉन’) कोणी साइट उघडली तरच चालतं, आणि कॅशमधून पान दिलं गेलं की तेवढंही नाही. म्हणून सीपॅनलच्या (होस्टिंगच्या नियंत्रण-पानाच्या) ‘क्रॉन जॉब्स’मध्ये दर १५ मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन चालवा आणि कॉन्फिग फाइलमधून आतला क्रॉन बंद करा. एखाद्या सबडोमेनवर एकदा तरी रिस्टोअर करून पाहा.

‘नको असलेलं डीॲक्टिव्हेट करून ठेवा’ आणि ‘१९९ रुपयांत सगळी प्रो प्लगइन’

डीॲक्टिव्हेट केलेल्या प्लगइनच्या फायली सर्व्हरवरच राहतात, त्यातलं भगदाडही राहतं. डिलीट करा. पॅकबद्दल एवढंच की जीपीएल परवान्यातला (मोकळेपणी वाटू देणाऱ्या परवान्यातला) कोड वाटणं बेकायदा नाही, पण लायसन्स की नसल्यामुळे अपडेट येत नाही, आणि मधल्या माणसाने त्यात काय घुसवलंय ते तुम्ही वाचणार नाही.

यादीत जे नाहीच

वीस नावांत ईमेलचं एकही नाही. पेढीची साइट असते कशासाठी? चौकशी यावी म्हणून. वर्डप्रेस मुळात सर्व्हरच्या मेल फंक्शनने मेल पाठवतं आणि तो बहुधा स्पॅममध्ये जातो किंवा वाटेतच अडतो. त्यात चौकशीचा फॉर्म बनवणारं ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगइन आलेला मजकूर स्वतः साठवत नाही. मेल हरवला की चौकशी हरवली. साइट बंद पडल्यावर वर्डप्रेस ॲडमिनला दुरुस्तीची लिंक पाठवतं, तीही याच मेलने.

सर्व्हरऐवजी तुमच्या मेल खात्यामार्फत मेल पाठवणारं ‘फ्लुएंट एसएमटीपी’सारखं प्लगइन टाका. जीमेल वापरत असाल तर टू-स्टेप चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या आणि पोर्ट ५८७ ठेवा. फॉर्म ७ सोबत ‘फ्लेमिंगो’ टाका, म्हणजे प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही राहील. फॉर्मच्या ‘फ्रॉम’मध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता कधीच घालू नका. तिथे तुमच्या डोमेनचा पत्ता, किंवा जीमेलने पाठवत असाल तर तेच खातं; गिऱ्हाइकाचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये. मग फॉर्म भरून स्वतःच्या जीमेलवर एक चौकशी मागवा, ‘शो ओरिजिनल’ उघडा आणि एसपीएफ व डीकेआयएम (मेल खरंच त्या डोमेनचा आहे का याच्या तपासण्या) दोन्हींपुढे ‘पास’ आहे का बघा. डोमेनच्या पत्त्यावरून पाठवताना एखादं नापास दिसलं तर दुरुस्ती प्लगइनमध्ये नसते, डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदींत) असते.