सीझरचं सीझरला, फॉरवर्ड आम्हाला

सकाळी चहा गाळायच्या आत फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड हजर. ‘येशू म्हणाला सीझरचं सीझरला द्या, म्हणून ख्रिश्चन पुढे गेले. इस्लाममध्ये धर्म आणि सत्ता एकच, म्हणून ते तिथेच राहिले.’ सीझर म्हणजे रोमचा सम्राट; राजाचं राजाला, देवाचं देवाला, असा त्याचा अर्थ. खाली भावोजींचे तीन अंगठे. झालं, लागला दोन हजार वर्षांचा निकाल!

मे २०२३ मध्ये मी लेकीकडे लंडनला होते. टीव्हीवर चार्ल्सचा राज्याभिषेक. तिचा घरमालक इराणी, दातात साखरेचा खडा धरून कोरा चहा पीत शेजारी बसलेला. पडद्याआड आर्चबिशप राजाला पवित्र तेल लावत होते. हा शांतपणे म्हणाला, “हेच आमच्याकडे झालं असतं तर?” मला हसू आलं, मग ओशाळल्यासारखं झालं. राजाने प्रॉटेस्टंट धर्म राखायची शपथही घेतली होती. ब्रिटिश संसदेच्या वरच्या, लॉर्ड्सच्या सभागृहात आजही २६ बिशप बसतात.

सीझरचं ते वाक्य बायबलमध्ये होतंच की, जेव्हा १०७७ साली जर्मन राजा हेन्री पोपच्या माफीसाठी इटलीतल्या कनोसा किल्ल्याबाहेर बर्फात तीन दिवस ताटकळला. आणि आपल्या गोव्यात? बिशप कोण, ते पोर्तुगालचा राजा ठरवायचा. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२, मधली चार वर्षं सोडून. तेव्हा कुठे गेला होता सीझर?

हो, मदिनेत पैगंबर स्वतः राज्य चालवत होते, येशूकडे राज्यच नव्हतं. हा फरक आहे, मान्य. पण पुढचं वाचा ना! कुराण निर्मिलेलं की अनादी, हे नवव्या शतकात बगदादचा खलिफा मामून ठरवायला निघाला, तेव्हा धर्मपंडित इब्न हनबल ऐकेनात. पुढच्या खलिफाने फटके मारले, तरी नाही. शेवटी माघार दरबारानेच घेतली. धर्मपंडितांनीच राज्य करावं हे इराणच्या क्रांतीचे पुढारी खोमेनींनी १९७० मध्ये इराकमधल्या नजफला मांडलं, आणि त्याच गावातल्या आयातुल्ला (मोठे शिया धर्मपंडित) खोईंना ते पटलं नाही. एवढं ‘एकच’ होतं तर हे भांडण कशाचं?

तो घरमालक त्याच मुल्लांच्या राज्यातून पळून आलाय, हेही खरं. त्याची आई शिराझला असते. नमाज कधी चुकवत नाही, पण सरकारी इमाम टीव्हीवर बोलायला लागला की रिमोट उचलून आवाज बंद करते, हे सांगताना त्याच्या तोंडातला खडा विरघळायचा राहिला होता.

ग्रुपवर मोठ्ठं उत्तर टाइप केलं आणि पुसलं. भावोजींची अँजिओप्लास्टी होऊन जेमतेम पंधरा दिवस झालेत. इथे टाकतेय, ते फेसबुकवर नसतात.