भवनाआधी यादी

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तेव्हापासून महाराष्ट्रात जी चर्चा चालू आहे ती मी इथे, बर्लिनमध्ये, नेमाने वाचते. भाषेचं भवन कुठे उभारायचं, कोणाच्या घराचं स्मारक करायचं, अध्यासनं किती हवीत, अनुवाद कोणत्या पुस्तकांचे व्हावेत. लेखकांच्या आणि संगीतकारांच्या घरांत पडून असलेल्या कागदांचा विषय मात्र कोणी गेलं की निघतो, आणि "संग्रहालय व्हायला हवं" एवढ्यावर संपतो. संग्रहालय जरूर व्हावं. पण तोवर कागदांना कोण सांभाळणार? इमारत पुनर्विकासाला जाते, मुलं तीन शहरांत पांगलेली असतात, आणि चाळीस वर्षांची टिपणं, पत्रं, कच्चे खर्डे एका आठवड्यात रद्दीवाल्याकडे जातात.

मी इथल्या एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात नोंदी करण्याचं काम करते. एखादा लेखक वारला की त्याच्या घरून खोकी येतात. गंजलेल्या टाचण्या काढायच्या, पेन्सिलीने क्रमांक घालायचे, आम्लविरहित कागदाच्या वेष्टनांत पानं ठेवायची. मग चार गट करायचे: लेखन, पत्रव्यवहार, आयुष्याची कागदपत्रं आणि त्याने स्वतः जमवलेलं इतर साहित्य. ही विभागणी जर्मनीत सगळीकडे एकाच नियमावलीने होते. लेखकाने स्वतः कागद ज्या क्रमाने लावले होते तो क्रम मोडायचा नाही, मोडावाच लागला तर आधी लिहून ठेवायचा. कोणत्या कवितेचा खर्डा कोणत्या पत्राच्या पाठीवर आहे, यावरून कधीकधी कवितेचं साल कळतं.

या कामातली जी गोष्ट मला महाराष्ट्रासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ना इमारत आहे ना तंत्रज्ञान. इथे कागद देशभर विखुरलेले आहेत, पण नोंदी एकत्र आहेत. १९६६ पासून कार्डांवर सुरू झालेली मध्यवर्ती सूची २००१ साली 'कालिओपे' नावाने इंटरनेटवर आली. पत्र मारबाखच्या साहित्य-अभिलेखागारात असो की एखाद्या छोट्या गावच्या ग्रंथालयात, ते कोणी कोणाला कधी लिहिलं आणि आज कुठे आहे हे घरबसल्या कळतं. पत्रांच्या बाबतीत तर याला पर्याय नाही, कारण लेखकाने लिहिलेली पत्रं दुसऱ्यांच्या घरी असतात. जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांचे खंड आपल्या हाती आले ते पत्रं मिळालेल्यांनी ती जपली म्हणून. अशी न छापलेली किती पत्रं कोणाकोणाच्या कपाटांत आहेत, हे सांगणारी एकही नोंदवही आपल्याकडे नाही.

"आधी सुरक्षित जागा हवी, यादीचं काय ते नंतर बघू," असं मला तिकडचे मित्र सांगतात. त्यांना मी जर्मनीतल्या कोलोन शहराचं उदाहरण देते. ३ मार्च २००९ रोजी तिथल्या शहर अभिलेखागाराची इमारत कोसळली. शेजारी भुयारी रेल्वेचं काम चालू होतं. शेजारच्या घरांतले दोघे गेले. लेखक हाइनरिश ब्योल यांचे कागद, संगीतकार ओफेनबाख यांचे कागद, सगळं ढिगाऱ्याखाली आणि पाण्यात. बहुतेक साहित्य बाहेर काढता आलं, पण चिंध्या होऊन, एकमेकांत मिसळून. हाती आलेला तुकडा कुठला, हे जुन्या याद्यांवरून ठरवायचं काम पुढे वर्षानुवर्षं चाललं. इतक्या श्रीमंत देशात, इतक्या पक्क्या इमारतीत हे झालं.

दुसरं उदाहरण याहून जुनं. संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७५० साली वारले, तेव्हा त्यांची हस्तलिखितं मुलांत वाटली गेली. थोरल्या मुलाच्या वाट्यातलं बरंचसं विकलं गेलं, पांगलं. धाकटे कार्ल फिलिप इमान्युएल यांनी आपला वाटा जपला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १७९० साली घरातल्या संगीत-हस्तलिखितांची यादी छापली गेली. ती विक्रीसाठी होती, संशोधनासाठी नव्हे. तरी आजही बाख घराण्याचा अभ्यास करणारे तीच पुढे घेऊन बसतात. त्या संग्रहातलं पुष्कळ साहित्य पुढे बर्लिनच्या एका गायनसंस्थेकडे आलं, दुसऱ्या महायुद्धात नाहीसं झालं, १९९९ साली कीवमध्ये सापडलं आणि २००१ साली परत आलं.

आपल्याला हे परक्यांकडून शिकायची गरज आहे असं मात्र मी म्हणणार नाही. राजवाडे गावोगाव हिंडले, लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरं त्यांनी उतरवली, आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडाखंडाने छापली. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या छापील मराठी पुस्तकांची सूची केली, ती १९४३ साली आली. पुढचा खंड १९६१ साली. आजही जुन्या मराठी पुस्तकाचा माग काढायचा तर आधी दाते सूची उघडावी लागते. छापील पुस्तकांना दाते मिळाले. न छापलेल्या कागदांसाठी तसं काम कोणी अंगावर घेतलेलं मला दिसत नाही.

त्याची किंमत काय, ते बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनावरून कळतं. १९५६ नंतर त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं कित्येक वर्षं न्यायालयीन ताब्यात अडकून होती. शासनाची समिती १९७६ साली झाली, पहिला खंड १९७९ साली आला. संपादक वसंत मून यांनी त्या गठ्ठ्यांतून जे उभं केलं त्याबद्दल मराठी माणसाने कायम ऋणी राहावं. पण खंड वाचताना जागोजागी संपादकांची टीप लागते की इथली पानं मिळाली नाहीत, आणि दर वेळी मन कळवळतं. एवढ्या मोठ्या माणसाच्या बाबतीत हे झालं, तर बाकीच्यांचं काय?

मला स्मारकांच्या चर्चेतली खरी खुपणारी गोष्ट हीच आहे. स्मारक होतं ते बंगल्याचं. अण्णाभाऊ साठे यांची कितीतरी वर्षं चिरागनगरच्या झोपडपट्टीत गेली. बहिणाबाई चौधरींच्या ओव्या घरच्यांनी वहीत टिपल्या होत्या, आणि त्या गेल्यावर त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती वही अत्र्यांना दाखवली म्हणून १९५२ साली पुस्तक झालं. ज्यांच्या घरी सोपानदेव नव्हते त्यांच्या वह्या कुठे आहेत? यादीला बंगला लागत नाही. कागद मुलीच्या घरी, पुतण्याच्या ट्रंकेत, वाचनालयाच्या कपाटात राहू देत; नोंद एका ठिकाणी हवी.

संगीताच्या बाबतीत अवस्था याहून वाईट आहे. संगीत दिग्दर्शकाच्या वहीत गाण्याच्या ओळीवर सरगम असते, कडव्यांमधल्या संगीताची टिपणं असतात, शेजारी वादकांची नावं. वाद्यवृंदासाठी संयोजकांनी, त्यांत पुष्कळ गोव्याचे, स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपीत, लिहिलेली पानं ध्वनिमुद्रण झालं की कोणाला नको असत. अशा निनावी पानांची ओळख पटवायची रीत आहे: १९५२ साली सुरू झालेली रिझ्म ही आंतरराष्ट्रीय सूची रचनेचे पहिले काही स्वरच नोंदवते आणि त्यावरून शोध घेता येतो. तिच्यात दहा लाखांहून अधिक नोंदी आहेत. बंदिश मुखड्यावरून ओळखणाऱ्या आपल्या गवयांना हे समजावून सांगावं लागणार नाही. भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून बंदिशी गोळा करून स्वरलिपीत छापल्या, तो पाया तयारच आहे.

इथलं सगळंच घ्यावं असंही नाही. १९८८ साली काफ्कांच्या एका कादंबरीचं हस्तलिखित मारबाखसाठी लंडनच्या लिलावात दहा लाख पौंडांना घेतलं गेलं. असा बाजार सुरू झाला की नामवंतांचे कागद जपले जातात आणि बाकीच्यांना कोणी विचारत नाही. तो मार्ग आपल्याला परवडणारा नाही आणि मला तो योग्यही वाटत नाही.

कुटुंबांची भीती मी समजू शकते. पत्रांत भांडणं असतात, आजारपणं असतात, तिसऱ्याच कोणाची गुपितं असतात. पण नोंद म्हणजे प्रकाशन नव्हे. "पंचवीस पत्रं, अमुक वर्षापर्यंत बंद" एवढंच लिहिता येतं आणि ते पाळता येतं. सरसकट स्कॅन करण्याचा जो उत्साह आहे त्यापेक्षा ही रीत घरच्यांचा जास्त मान राखते. शिवाय नाव-तारीख नसलेल्या हजारो चित्रफाइलींत हवं ते पान सापडतही नाही.

सुरुवात मराठी विभाग असलेल्या महाविद्यालयांनी करावी. प्रत्येकाने आपल्या तालुक्यातले लेखक, शाहीर, कीर्तनकार, संगीतकार घ्यावेत आणि दर घरामागे एक पान भरावं: कागद कोणाकडे, किती खोकी, चार गटांपैकी काय काय, लिपी मोडी की देवनागरी, बघायला परवानगी आहे का. लेखकाची सगळी टोपणनावं एका नोंदीखाली यावीत, नाहीतर गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम असे तीन वेगळे लेखक तयार होतील. आणि ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. ते "नीट लावायला" घेऊ नका. आहेत तसे, आहेत त्या क्रमाने कोरड्या जागी ठेवा, रबर आणि टाचण्या तेवढ्या काढा, आणि काय काय आहे ते एका वहीत लिहून जवळच्या वाचनालयात त्याची एक प्रत द्या.