कोरड्या कातडीला ॲसिड नको, आधी पाणी आणि तेल हवं

थंडी पडली की गावोगावच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतो. त्याचा गोषवारा असा: कोरडी त्वचा म्हणजे वर साचलेला मेलेल्या कातडीचा थर. तो काढायला ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक ॲसिडचं सीरम रोज रात्री लावा, नसेल तर लिंबू-साखर चोळा. चुरचुरलं म्हणजे गुण येतोय. वरून हायलुरॉनिक ॲसिड लावा, ते हजारपट पाणी धरून ठेवतं.

यातलं थोडंफार खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. वावरात राबणाऱ्या आणि बोरिंगच्या पाण्याने अंघोळ करणाऱ्या माणसाने हा मेसेज जसाच्या तसा पाळणं धोक्याचं आहे. एकेक मुद्दा घेऊ.

मेलेल्या थराचं आधी. त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचाच असतो, निरोगी माणसाचाही. जाडी साधारण १० ते २० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या पानापेक्षाही पातळ. पेशींच्या मधल्या फटीत सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड ही स्निग्ध द्रव्यं भरलेली असतात. शरीरातलं पाणी उडून जाण्यापासून अडवतात ती हीच. जुन्या पेशी रोज एकेक करून डोळ्यांना न दिसता गळतात. पेशींना जोडणारे दुवे तोडायचं काम काही एन्झाइम करतात आणि त्यांना त्यासाठी पाणी लागतं. थरातलं पाणी आटलं की दुवे तुटत नाहीत, पेशी पुंजक्याने अडकून राहतात आणि नडगीवर नखाने ओढलं की पांढरी रेघ उमटते. म्हणजे खवले हे कोरडेपणाचं कारण नाही, परिणाम आहे. ओलावा परत आला की ते आपोआप सुटतात. ॲसिडने ओरबाडून काढले तर एक-दोन दिवस पाय चकचकीत दिसतो, पण पाणी अडवणारा थर पातळ झालेला असतो. मग आधीपेक्षा जास्त ओढ बसते, आणि माणूस पुन्हा ॲसिडच लावतो.

आता टक्क्यांचं. मेसेजमध्ये ‘१० टक्के ग्लायकोलिक’ एवढंच असतं, पीएच नसतो. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं ॲसिड जहाल. १० टक्क्यांच्या बाटलीचा पीएच ३.५ असेल तर जवळपास ६.८ टक्के ॲसिड मोकळं, म्हणजे सोलणारं असतं. पीएच ५ असेल तर जेमतेम ०.६ टक्के. अंक एकच, पण एक बाटली सोलते आणि दुसरी नुसती ओलसर ठेवते. घरी वापरायच्या मालासाठी जाणकारांनी घातलेली मर्यादा १० टक्क्यांपर्यंत आणि पीएच ३.५ किंवा त्याहून वर अशी आहे. वेष्टनावर पीएच छापलेला नसेल तर कोरड्या त्वचेच्या माणसाने ते सीरम घेऊच नये.

लिंबाचा प्रकार तर याहून वाईट. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५ असतो, त्वचेचा ४.५ ते ५.५. शिवाय रसात आणि सालीत असे घटक असतात की रस लागलेल्या जागी ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात आणि मागे महिनोन्महिने काळे पट्टे राहतात. सावळ्या त्वचेवर हे डाग जास्त गडद उठतात. साखरेचे कण वरून ओरखडे काढतात ते वेगळंच. दह्यात लॅक्टिक ॲसिड असतं हे खरं, पण साधारण एक टक्क्याच्या आसपास. दही लावून धुतल्याने नुकसान नाही, पण कोरडेपणा जाईल ही अपेक्षाही नको.

चुरचुरणं हा गुण येण्याचा पुरावा नाही. भेगांमधून ॲसिड आतल्या मज्जातंतूंपर्यंत पोचलं, एवढाच त्याचा अर्थ. मिनिटभरात थांबलं नाही तर साध्या पाण्याने धुवा आणि पेट्रोलियम जेली लावा.

हायलुरॉनिक ॲसिड सोलत नाही, पाणी धरतं. हजारपटीचा आकडा मात्र त्वचेवर लागू पडत नाही. कोरड्या हवेत कोरड्या चेहऱ्यावर नुसतं लावलं तर फायदा फारसा नाही. ओल्या त्वचेवर लावून वर क्रीम हवंच. आणि क्रीम लावायचंच असेल तर त्याआधीचं महाग सीरम बहुतेकांना लागतही नाही.

खरं काय उरतं? टाच, कोपर, गुडघा अशा जाड जागी युरिया आणि लॅक्टिक ॲसिड खरंच उपयोगी पडतात, कारण दोन्ही त्वचेत मुळातच असतात आणि पाणी धरतात. अंगाला ५ ते १० टक्के युरियाचं क्रीम, टाचेला २० ते २५ टक्क्यांचं. ही क्रीम मेडिकलमधून घ्यावी. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात कालवून लावू नये, तो औषधी प्रतीचा नसतो.

कोरडेपणा मुळात कशाने आला ते पाहिल्याशिवाय क्रीमही वाया जातं. साबणाचा पीएच ९ ते १० असतो. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात तो नीट धुतला जात नाही, त्याची राप कातडीवर बसते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा त्रास ठाऊकच आहे. म्हणून अंघोळ कोमट पाण्याने, पाच ते दहा मिनिटांत आटोपा. कढत पाणी नको. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता. टॉवेलने घासू नका, टिपा. अंग ओलसर असताना, तीन मिनिटांच्या आत क्रीम लावा. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे अर्धा ग्रॅम, तेवढ्यात बोटांसकट दोन तळहातांएवढी जागा होते. पूर्ण अंगाला एका वेळी साधारण २० ग्रॅम लागतात. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवली तर फरक पडणार नाहीच. खर्च परवडत नसेल तर ओल्या अंगावर खोबरेल चालतं.

टाचा उलल्या असतील तर पाय कोमट पाण्यात १५ मिनिटं बुडवा, सुटलेली जाड कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासा, युरिया लावा, मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल तर आधी काही दिवस फक्त पेट्रोलियम जेली, युरिया नंतर. क्रीममधलं पॅराफिन (खनिज मेण) किंवा जेली मुरलेले कपडे आणि गोधडी चटकन पेट घेतात, तेव्हा ती लावून शेकोटीला किंवा चुलीला बिलगून बसू नका.

ॲसिड वापरलं तर ऊन जास्त लागतं आणि थांबवल्यावरही साधारण आठवडाभर तसंच राहतं. मोहफुलं वेचण्याच्या आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात, म्हणजे मार्च ते मे, ते चेहऱ्याला लावूच नये. फवारणी करणाऱ्यांनी तर हातापायाची कातडी सोललेली असताना पंप पाठीवर घेऊ नये, कारण फुटलेल्या त्वचेतून फवारणीचं औषध जास्त आत शिरतं. मधुमेह असणाऱ्यांनी पायाला सॅलिसिलिक लावू नये, जखम कळत नाही आणि चिघळते. लेकरांच्या अंगभर तर ते कधीच नको, रक्तात शोषलं जाऊन विषबाधा होऊ शकते.

आणि कोरडा, फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नसेल, तर कोणतंही क्रीम लावून वाट पाहू नका. गडचिरोली-चंद्रपूरकडे कुष्ठरोग अजून आहे आणि तो असाही सुरू होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत आहेत. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने गोळ्या घ्याव्या लागतात. त्यातल्या क्लोफाझिमिनमुळे त्वचा काळवंडते आणि कोरडी पडते. ते घाबरण्यासारखं नाही, गोळ्या बंद करू नका. त्या काळात पाय रोज पाण्यात बुडवून न पुसता तेल लावा, आणि ॲसिड त्या अंगाला अजिबात नको.