बिलातले जावईबापू

उच्चदाब जोडणी असलेल्या कारखानदाराला महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून विजेचे बिल किलोवॅट-अवरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेवर नव्हे, तर केव्हीएएचवर, म्हणजे तारांतून आलेल्या एकूण विजेवर येते, ही गोष्ट एका वाक्यात लिहिता येते. वडिलांना समजावून सांगायची वेळ आली की मात्र आयुष्य अपुरे वाटू लागते. सातपूरला आमचा प्लास्टिकच्या बादल्या आणि क्रेट तयार करण्याचा कारखाना आहे. यंत्रे काम करतात ते २४० किलोवॅटचेच, पण पॉवर फॅक्टर, म्हणजे एकूण विजेतला कामी येणारा वाटा, ०.८ असला की तारांवर भार पडतो ३०० केव्हीएचा, आणि बिलही त्याच हिशेबाने येते. त्यावर बाबांचा प्रश्न सरळ होता : "जी वीज काम करत नाही, तिचे पैसे आपण का द्यायचे?"

मोटारीला फिरण्यासाठी चुंबकीय क्षेत्र लागते, ते उभे करणारी वीज सतत येते आणि परत जाते, काही घडवत नाही, पण तिच्यावाचून मोटार हलत नाही आणि तिच्या या येरझारांनी तारा नि ट्रान्सफॉर्मर मात्र तापतात, असे मी सांगितले. बाबा क्षणभर विचारात पडले. "म्हणजे जावई," ते म्हणाले. "येतो, जातो, कामाला हात लावत नाही, पण त्याच्यावाचून कार्य उरकत नाही, आणि मानपान पूर्ण." टेबलापलीकडे कारखान्याचे हिशेब पाहणारे आमचे दाजी, म्हणजे बाबांचे एकुलते एक जावई, बसले होते. त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

यावर उपाय कपॅसिटरचा. ही येरझारा घालणारी वीज तो मोटारीला कारखान्यातच पुरवतो, त्यामुळे ती दूरच्या उपकेंद्रातून आणावी लागत नाही. ("घरजावई करायचा, एवढेच ना?" बाबा म्हणाले, चष्मा पुन्हा निघाला.) पॉवर फॅक्टर ०.९८ करायला साधारण १३० केव्हीएआरचे (हे येरझारा घालणाऱ्या विजेचे माप) कपॅसिटर पुरणार होते, आणि मग ३०० केव्हीएचे २४५ होणार होते. दाजींनी काटकसर म्हणून कायम जोडलेले साधे कपॅसिटर घ्यायला लावले. दिवसा सगळे झकास चालले. रात्री यंत्रे थांबत, कपॅसिटर मात्र चालूच राहत, आणि पॉवर फॅक्टर लॅगिंगचा (मोटारी ही वीज ओढतात तेव्हाचा) लीडिंग (कपॅसिटर ती उलट पाठवतात तेव्हाचा) होई.

दाजी निश्चिंत होते, कारण दिवसाचे लॅगिंग नावे आणि रात्रीचे लीडिंग जमा, असा त्यांचा हिशेब होता. मीटर मात्र दोन्हींची नोंद वेगळी ठेवतो आणि बिल करताना त्यांची बेरीज होते, वजाबाकी नव्हे. जमेची बाजूसुद्धा खर्चातच धरणारा असा जमाखर्च दाजींना उभ्या कारकिर्दीत भेटला नव्हता. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत. आमचे वायरमन मामा धीर देत म्हणाले, "शेठ, जाताना मीच कपॅसिटर बंद करून जात जाईन." मामा सहाला घरी जातात आणि यंत्रे नऊपर्यंत चालतात, ही बाब त्यांच्या दृष्टीने गौण होती.

शेवटी गरजेप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारे आणि सोडवणारे एपीएफसी पॅनेल आले. सोडवलेला कपॅसिटर पुन्हा जोडण्यापूर्वी त्यातला साठा उतरावा म्हणून ते थोडे थांबते. मामांना तो निव्वळ आळस वाटतो आणि ते पॅनेलच्या दारावर थाप मारतात. थाप मारून होईपर्यंत वेळ संपलेली असते, कपॅसिटर जोडणारा स्विच, म्हणजे कॉन्टॅक्टर, खट्कन लागतो, आणि त्यामुळे थापेवरचा मामांचा विश्वास दिवसेंदिवस वाढत चालला आहे.

बिल उतरले, हे खरे. त्या आनंदात दाजींनी घरासाठी बाजारातून एक वीजबचत डबी आणली, जी प्लगमध्ये खोचली की बिल कमी होते म्हणे. आत असतो एक चिमुकला कपॅसिटर. घरगुती बिल किलोवॅट-अवरवर येते, तिथे पॉवर फॅक्टर कोणी विचारत नाही, हे मी त्यांना बराच वेळ समजावले. "पण हिरवा दिवा लागतो ना," दाजी म्हणाले. दिवा लागतो, आणि त्याची वीज किलोवॅट-अवरमध्येच मोजली जाते.