हेड न काढता स्प्रिंग बदला, तेही रविवारी

जुनी अँबॅसेडर चढावर मिस मारते, सकाळी सेल्फ मारला की निळा धूर सोडते, आणि वरचं कव्हर उघडून पाहावं तर एका व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली. अभिनंदन. भित्र्या माणसांनी आता हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं जाड झाकण, उतरवावं, व्हॉल्व्ह टेकतात त्या सीट तपासाव्यात, नवी गॅस्केट टाकावी. तुम्ही व्हिडिओ पाहिला आहे. त्यात हेड जागेवरच राहतं, माणसाचे हातही काळे होत नाहीत आणि काम पाणी उकळायच्या आत संपतं. तेव्हा रविवारी अकराला सुरू करा आणि संध्याकाळी याच गाडीतून लग्नाला जायचं सगळ्यांना कबूल करून टाका.

गाडी १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाची हवी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं ते बी-सिरीज इंजिन, जे हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्यात वर्षानुवर्षं अँबॅसेडरला बसवलं. इसुझू इंजिनवाल्यांच्या नशिबी हे सुख नाही. कारण बी-सिरीजमध्ये साहेबाने एक खोडी करून ठेवली आहे: रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर ज्यावर हलतात तो दांडा, आठ नटांवर बसतो आणि त्यातले चार हेडलाही धरून असतात. नुसते तेवढेच सोडले तर बाकीचे नट हेडला वेडंवाकडं ओढतात आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. म्हणून आधी रेडिएटर रिकामा करायचा आणि हेडचे सगळेच नट थोडे थोडे सैल करत जायचे. म्हणजे हेड न काढता काम करायचं, तर हेड जवळजवळ काढायचं! पण हे मॅन्युअलमध्ये छापलंय, आणि तुमच्याकडे मॅन्युअल नाही. असं कोणी सांगितलंच तर म्हणा, “आमच्या गाडीला तसं काही नसतं.” आठ नट एका टोकाकडून सुरू करून सरळ काढून टाका. काही दिवसांनी ऑइल दुधाच्या चहासारखं दिसू लागेल, तेव्हा ऑइलच्या कंपनीला शिव्या देता येतील.

शाफ्ट उचलताना पुश रॉड, म्हणजे रॉकरना खालून ढकलणाऱ्या काड्या, सोबत वर येतील. सगळे एकाच ट्रेमध्ये ओता. पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने नंबर घालणारे लोक घरी मसाल्याच्या डब्यांनाही लेबलं लावत असतील.

आता मुख्य भाग. स्प्रिंग काढली की व्हॉल्व्हला वर धरणारं काही उरत नाही. तो खाली घसरू नये म्हणून स्पार्क प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवा भरतात. त्याआधी मोकळ्या झालेल्या चार स्टडवर, म्हणजे ते नट बसतात त्या आट्यांच्या दांड्यांवर, जाड वॉशर घालून हेड पुन्हा आवळायचं असतं. एवढा वेळ कोणाला आहे? पिस्टन अगदी वरच्या टोकाला हवा, म्हणजे हवेचा जोर क्रँकवर, पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्यावर, सरळ येतो आणि तो फिरत नाही. शिवाय हवा गेलीच, तर व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर टेकून राहतो. हे ‘अगदी टोकाला’ प्रकरण अंदाजाने घ्या. सिलिंडरचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर, हवा दर चौरस इंचाला शंभर पौंड, म्हणजे पिस्टनवर तीनशे किलोच्या आसपास जोर. पिस्टन जरा पुढेमागे असला आणि क्रँकच्या नटावर पाना तसाच राहिला, तर तो पाना तुम्हाला वर्तुळाकार गतीचा धडा देईल. पाना काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये ठेवणाऱ्यांना गाडीबरोबर थोडं चालण्याचाही लाभ मिळतो.

कॉम्प्रेसर नसेल तर दोरी. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सारायची, शेवट बाहेर ठेवायचा, मग हाताने क्रँक फिरवून पिस्टन वर आणायचा. दोरीचा गठ्ठा व्हॉल्व्हना दाबून धरतो. युक्ती जुनी आहे, बिनखर्चाची आहे आणि खरं सांगायचं तर हवेपेक्षा बरी आहे. रात्री लाइट गेली म्हणून दोरी सुटत नाही. त्यामुळे तुम्ही सुतळी वापरा. तिचे तंतू आत राहतील. दोरीचा शेवटही आत जाऊ द्या, म्हणजे ती काढायला काय करावं लागतं ते कळेल.

राहिले कॉटर. व्हॉल्व्हच्या दांडीवर स्प्रिंगची टोपी अडकवून ठेवणारे हे दोन चिमुकले तुकडे. हेडमध्ये पुश रॉडची आठ भोकं खालपर्यंत उघडी आहेत. शहाणी माणसं सगळीकडे चिंध्या कोंबतात, टोपीवर हलका ठोका देऊन कॉटर आधी मोकळे करतात आणि लोहचुंबक जवळ ठेवतात. तुम्ही मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने स्प्रिंग एकदम दाबा. एक कॉटर शर्टावर उडेल. दुसरा टणकन वाजेल, मग पुन्हा वाजेल, पण जरा खालून. तिसऱ्यांदा वाजला तर समजा चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी, गाठलं.

धुराचं काय, असं कोणी विचारेल. तो व्हॉल्व्हच्या सीलमुळे येत होता, आणि स्प्रिंग निघालेलीच असताना सील बदलायला काही मिनिटं पुरतात. पण तुम्ही सील आणलेच नाहीत.

सोमवारी मेस्त्री येईल आणि विचारेल, “कोणी खोललं होतं का?” हेडवर हात ठेवून सांगा की हेडला कोणी हात लावलेला नाही. मग चहा मागवा. हेड उतरवायला त्याला दुपार लागेल.