मुकट्याचा सोगा आणि अठरा-एकशेपस्तीस

ट्रायपॉडचा सगळ्यात मोठा शत्रू वारा, असं फोटोग्राफीतले जाणकार सांगतात. या जाणकारांना नातेवाईक नसावेत. कास पठारावर, राजमाचीवर, कान बधिर करणाऱ्या वाऱ्यात माझा ट्रायपॉड निमूट उभा राहिलेला आहे. तो पडला कोकणातल्या घरी, गौरी-गणपतीत, झाडाचं पान हलत नसताना.

विसर्जनाआधी ग्रुप फोटो हा आमच्याकडचा कुळाचार. पावसानं उघडीप दिली तसं सगळ्यांना खळ्यात उभं केलं. उंच मागे, बुटके पुढे, रुसलेले कडेला. सेल्फ टायमरची १० सेकंदं लावून मी धावत जाऊन जागा धरली. नानाकाकांना टायमर ही भानगड मान्य नाही. फोटो माणूस काढतो आणि माणूस तर इकडे येऊन उभा राहिलाय, हा त्यांचा मुद्दा. "दिवा लुकलुकतोय का बघून येतो," म्हणत ते रांगेतून निघाले. दिवा लुकलुकत होता. तसं त्यांनी वळून सर्वांना जाहीरही केलं. तेवढ्यात दिवा घाईघाईनं लुकलुकू लागला, म्हणजे शेवटची दोनेक सेकंदं उरली. काका धावले आणि पूजेच्या मुकट्याचा सोगा ट्रायपॉडच्या पायाच्या खटक्यात अडकला. पुढे काका, मागोमाग ट्रायपॉड.

दीड मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर यायला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ लागतो. ट्रायपॉड कलंडत येतो, म्हणून आणखी थोडा. तेवढ्यात "अगो बाई!" म्हणून होतं, झेलून होत नाही. भाद्रपदात खळंभर चिखल. तो सगळा सोडून माझ्या अठरा-एकशेपस्तीस मिलीमीटरच्या झूम लेन्सनं तुळशीच्या कट्ट्याचा चिरा पसंत केला. शटर मात्र वेळेवर उडालं. त्या फोटोत भरपूर आभाळ, एक माड आणि काकांची डावी टाच आहे. टाच कमालीची शार्प आलीय.

लेन्स पडते एकदाच, तिची चौकशी मात्र थांबत नाही. वहिनी तांदळाचा डबा घेऊन आल्या. लेन्स भिजलेली नाही, पडलीय, असं सांगितलं, तर म्हणाल्या, "असू दे, तांदूळ काय नुकसान करतोय?" भिंगाच्या रक्षणाला पुढे लावलेल्या यूव्ही फिल्टरची काच तडकली होती आणि त्याची कडी चेपून लेन्सवरच रुतली होती. ती बघताच भाऊजींनी पक्कड मागवली. फिल्टरची कडी पकडीत धरली की दोन बाजूंनी दाबली जाते, गोलाची लांबट होते आणि आधीपेक्षा घट्ट बसते. हे मी समजावून सांगेपर्यंत ती लांबट झाली होती. मग धाकट्या पुतण्यानं लेन्स कानाशी धरून हलवली आणि निदान केलं, "आत काहीतरी सुटलंय, खुळखुळतंय." आता, स्टॅबिलायझर (हात थरथरला तरी फोटो हलू न देणारी यंत्रणा) असलेली धडधाकट लेन्ससुद्धा बंद असताना जराशी खुळखुळते, कारण आतला भिंगांचा एक गट मुळातच हलता ठेवलेला असतो. पण ही माहिती कुणाला नको होती. प्रत्येकाला एकेकदा हलवून बघायचं होतं.

खरी दुखणी दोन होती. झूम पन्नासच्या आकड्यावर अडकला होता आणि प्रत्येक फोटोची डावी बाजू धूसर येत होती.

अधिकृत सर्व्हिस सेंटरात फॉर्म भरून घेतात. 'बिघाडाचं कारण' या रकान्यात मी 'काका' लिहिलं. समोरच्या मुलीनं शांतपणे ते खोडून 'इम्पॅक्ट' केलं. इम्पॅक्ट वॉरंटीत बसत नाही म्हणे. काका तरी कुठे बसले असते! खर्चाचा अंदाज ऐकला आणि हिशेब केला, तर तेवढ्यात तीच लेन्स सेकंडहँड आली असती. लेन्स पिशवीत घालून मी थेट फोर्टात, बोरा बाजारात.

तिथल्या कारागिरानं लेन्स हातात घेतली, हलवली मात्र नाही. माझा निम्मा विश्वास तिथेच बसला.

"कितने ऊपर से?"

"दीड मीटर."

"नीचे क्या था? टाइल?"

"चिरा. लाल पत्थर."

"कोकण," तो म्हणाला. "गणपती के बाद ऐसा माल बहुत आता है."

पुढचा तासभर मी स्टुलावर बसून जे बघितलं, त्याचे पैसे त्यानं वेगळे घेतले असते तरी दिले असते. आधी फुटक्या काचेचे तुकडे चिमट्यानं एकेक वेचले, लेन्स उलटी धरून, म्हणजे चुरा खाली पडतो, भिंगावर सांडत नाही. मग भिंगावर कागद बसवून फिल्टरच्या कडीला बारीक करवतीनं खाच पाडली, कडी पकडीनं आतल्या बाजूला मुडपली आणि ती मुकाट्यानं सुटून आली. (भाऊजींना याचा व्हिडिओ पाठवला. "पक्कडच वापरली की शेवटी," असं उत्तर आलं.) लेन्सचं चेपलेलं तोंड दोन अर्धगोल जबड्यांच्या हत्यारानं आतून रेटून गोल केलं. मागचे स्क्रू काढायला त्याच्याकडे खास जपानी खाचेचा स्क्रूड्रायव्हर होता; घरातला साधा चौफुली चालवला की या स्क्रूंची डोकी झिजतात आणि मग ते जन्मात निघत नाहीत. निघालेला प्रत्येक स्क्रू त्यानं दुहेरी चिकटपट्टीवर, लेन्समध्ये होता त्याच क्रमानं गोलात लावला. माउंटखालच्या, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीखालच्या, कागदाइतक्या पातळ चकत्यांना तर फुंकरही लागू दिली नाही. त्यातली एक हरवली तर माउंट तिरका बसतो.

झूम अडकला होता तो नळकांड्याच्या खाचेतून सरकणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या एका प्लास्टिकच्या पुलीमुळे. तिचा तुकडा पडला होता. त्यानं बिस्किटाचा डबा उघडला, एका मेलेल्या लेन्समधली तसलीच पुली काढून बसवली. राहिली धूसर बाजू. भिंतीवर त्यानं वर्तमानपत्राचं टेंडर नोटिसांचं पान चिकटवलं, फोटो काढला, पुढच्या भिंगाचा स्क्रू केसभर फिरवला, परत फोटो. चारही कोपऱ्यांतली टेंडरं वाचता येईपर्यंत हे चाललं. बिल सर्व्हिस सेंटरच्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं.

इकडे गावाहून काकांचे फोन. "काय म्हणते ती? दिसायला लागलं का तिला?" भरपाई म्हणून त्यांनी एसटीनं कुळीथ पाठवले. बरे होते.

आता माझ्याकडे ट्रायपॉड लावणं हे देवकार्य आहे. पाय उघडताना आधी जाड नळ्या, बारीक नळ्या लागल्याच तर. मधला दांडा खालीच ठेवायचा. तो वर ओढला की तीन पायांचा ट्रायपॉड एका पायाचा होतो. एक पाय नेमका लेन्सच्या तोंडाखाली, कारण वजन तिकडे कलतं. बॅग आकड्याला लटकवायची ती जमिनीला जेमतेम टेकेल अशी. अधांतरी राहिली तर झोके घेते आणि सगळ्यांना घेऊन जाते. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायच्या प्लेटचा पाव इंची स्क्रू नाण्यानं आवळायचा, प्लेट बसल्याचा 'टक्' ऐकू आला तरी एकदा ओढून बघायची आणि तोवर पट्टा गळ्यातून काढायचा नाही. शिवाय पायांना पांढरी चिकटपट्टी, म्हणजे काळोखातही दिसतात. ज्यांनी खाली बघून चालायचं ठरवलंय त्यांना.

हे सगळं पुढच्या गणपतीत केलं. तरी सोग्याचा बंदोबस्त राहतच होता, म्हणून काकांना पहिल्या रांगेत मधोमध खुर्ची दिली, हातात रिमोट दिला आणि सांगितलं, आता फोटो तुम्हीच काढायचा, उठायचं कारणच नाही. काकांना हे तत्त्व म्हणून पटलं. त्यांनी दाबला, खात्रीसाठी परत दाबला आणि आरतीची वेळ टळेपर्यंत दाबत राहिले. ढीगभर फोटो निघाले. त्या सगळ्यांत अख्खं घर कॅमेऱ्याकडे बघून हसतंय आणि काका मान खाली घालून रिमोटचं बटण शोधतायत.